कल्चरमध्ये जंतू सापडला नाही, आता जनुकीय तपासणी करायची का?

रुग्णाला आठवडाभर ताप आहे. रक्ताचं कल्चर पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट येतो: 'नो ग्रोथ', म्हणजे जंतूची वाढ दिसली नाही. घरच्यांना क्षणभर हायसं वाटतं, चला, इन्फेक्शन नाही! पण ताप उतरत नाही, अँटिबायोटिक चालूच राहतात आणि एखाद्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आपण एक जनुकीय तपासणी करून बघू. सॅम्पल बाहेर पाठवावं लागेल आणि खर्च जास्त आहे." या तपासणीला सिक्वेन्सिंग किंवा नुसतं 'एनजीएस' म्हणतात.

होकार द्यायचा की नाही हे तुम्हाला आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून, थोड्या वेळात ठरवायचं असतं. त्यासाठी लागणारी माहिती इथे देत आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. 'जनुकीय' म्हटलं की अनेकांना आनुवंशिक आजार आठवतात. "आमच्या घराण्यात असं काही नाही हो," असं नातेवाईक हमखास सांगतात. इथे तपासायची असतात ती जंतूची जनुकं. तुमच्या रुग्णाच्या जनुकांशी या प्रश्नाचा संबंध नाही.

'नो ग्रोथ'चा खरा अर्थ

कल्चर म्हणजे जंतूला खायला घालून वाढवणं. रक्त पोषक द्रव भरलेल्या बाटलीत घालतात आणि बाटली साधारण शरीराच्या तापमानाला मशीनमध्ये ठेवतात. जंतू वाढू लागले की मशीन इशारा देतं. बहुतेक नेहमीचे जंतू पहिल्या दोन दिवसांत दिसतात, तरी बाटली पाच दिवस ठेवतात. इशारा मिळाल्यावर जंतूचं नाव शोधायचं आणि मग त्याला कोणतं औषध मारतं ते पाहायचं, यात आणखी एक-दोन दिवस जातात.

म्हणजे 'नो ग्रोथ'चा अर्थ 'या बाटलीत, या मुदतीत काही वाढलं नाही' एवढाच. त्यामागे कारणं बरीच असतात. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रक्त घेण्याआधीच पोटात गेलेलं अँटिबायोटिक. मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन गोळ्यासुद्धा कल्चर निगेटिव्ह आणायला पुरतात, आजार बरा करायला मात्र पुरत नाहीत. दुसरं कारण कमी रक्त. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं आणि ते किमान दोन वेगळ्या जागांहून घ्यावं लागतं. "एवढं रक्त कशाला काढता?" हा प्रश्न मी समजू शकतो, पण गंभीर आजारातही एक मिली रक्तात जेमतेम एखाद-दुसरा जंतू असू शकतो, म्हणून रक्त जास्त घ्यावं लागतं.

तिसरं कारण म्हणजे काही जंतू अशा बाटलीत वाढतच नाहीत. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, चिगर किड्याच्या चावण्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसचा जंतू आणि क्यू फीव्हरचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये सापडत नाहीत. क्षयाच्या जंतूला वेगळं माध्यम आणि कित्येक आठवडे लागतात. शिवाय संसर्ग रक्तात नसून हाडात, हृदयाच्या झडपेवर किंवा मेंदूत दडलेला असू शकतो. किंवा मुळात तो जिवाणूंचा संसर्गच नसतो. डेंग्यू, मलेरिया, सांध्यांचे काही आजार, अगदी रक्ताचा कर्करोगसुद्धा ताप घेऊन येतात.

जंतू वाढवण्याऐवजी वाचायचा

सिक्वेन्सिंगमध्ये जंतू जिवंत हवा, त्याने वाढायला हवं, अशी अट नाही. प्रत्येक सजीवाच्या डीएनएमध्ये चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो. सॅम्पलमधून डीएनए वेगळा काढायचा, त्यातली अक्षरं मशीनने वाचायची आणि जंतूंच्या नोंदींच्या मोठ्या संग्रहाशी संगणकावर जुळवायची, अशी ही पद्धत आहे.

पण या एका नावाखाली तीन वेगळ्या तपासण्या येतात. तुम्हाला सुचवलेली नेमकी कोणती, हे विचारायला हवं.

फरक कळावा म्हणून मंगल कार्यालयातला समारंभ डोळ्यांसमोर आणा. पीसीआर पॅनेल म्हणजे हातात यादी घेऊन नावं पुकारणं: कुलकर्णी आलेत का, पाटील आलेत का? यादीतलं माणूस हजर असेल तर एक-दोन तासांत कळतं, पण यादीत नसलेलं माणूस समोर उभं असलं तरी दिसत नाही. हे खरं तर सिक्वेन्सिंगच नाही, तरी बोलताना दोन्हींची सरमिसळ होते.

दुसरी पद्धत '१६ एस' या नावाने ओळखतात. सगळ्या जिवाणूंमध्ये सुमारे १,५०० अक्षरांचं एक जनुक असतं. त्याचे काही भाग सर्वांत सारखे असतात आणि काही प्रत्येक जातीत वेगळे. ते एकच जनुक वाचून जिवाणूची ओळख पटते. हॉलमधल्या प्रत्येकाचं आधार कार्ड बघण्यासारखंच हे. शस्त्रक्रियेत काढलेला झडपेचा तुकडा, सांध्यातला पू अशा ठिकाणी ही पद्धत फार उपयोगी पडते. व्हिपल्स डिसीज या आजाराचं वर्णन १९०७ साली झालं होतं, पण त्याच्या जंतूची ओळख पटली ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, याच जनुकावरून. प्रयोगशाळेत तो जंतू नीट वाढवता यायला २००० साल उजाडलं.

तिसरी पद्धत मेटाजिनोमिक सिक्वेन्सिंगची. यात सॅम्पलमधलं सगळंच वाचतात: जिवाणू, विषाणू, बुरशी, परजीवी आणि माणूससुद्धा. हॉलमधल्या प्रत्येकाशी बोलायचं, अगदी यजमानांच्या घरच्यांशीही. अडचण ही की हॉलमध्ये बहुतांश घरचीच माणसं असतात. रक्त किंवा मणक्यातलं पाणी वाचलं तर जवळपास सगळा डीएनए रुग्णाचा स्वतःचा निघतो आणि जंतूचा वाटा अगदी किरकोळ असतो. तो वेगळा ओळखणं हेच या तपासणीचं कौशल्य.

विस्कॉन्सिनमधला मुलगा

ही पद्धत काय करू शकते, हे दाखवणारं उदाहरण २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला १४ वर्षांचा मुलगा. जन्मापासून प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार. चार महिन्यांत तीन वेळा ताप आणि डोकेदुखीने दवाखान्यात दाखल झाला, मग मेंदूत पाणी साठलं, झटके थांबेनात आणि डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. मेंदूचा तुकडा काढून तपासला, तरी निदान होईना.

त्याच्या मणक्यातलं पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे तीस लाखांहून जास्त तुकडे वाचले गेले. त्यातले फक्त ४७५ लेप्टोस्पायरा गटातल्या जंतूशी जुळले. सॅम्पल मिळाल्यापासून उत्तर यायला दोन दिवस लागले. नेहमीच्या लेप्टोच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या. त्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर अवलंबून असतात आणि या मुलाचं शरीर ती नीट तयारच करू शकत नव्हतं. आजारी पडण्याआधी तो प्वेर्तो रिकोला जाऊन आला होता.

यातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा भाग पुढचा आहे. पक्की खात्री करणाऱ्या तपासणीचा निकाल यायला वेळ लागणार होता. डॉक्टरांनी हिशेब केला: आजार जिवावर बेतलेला आहे, औषध साधं पेनिसिलिन आहे, ते दिल्याने धोका कमी आणि न दिल्याने फार मोठा. त्यांनी पेनिसिलिन सुरू केलं. मुलगा सुधारत गेला आणि घरी गेला. मशीनने नाव सुचवलं, निर्णय मात्र रुग्णाकडे बघून माणसांनी घेतला.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जुलै महिन्यात ताप घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "पावसाच्या पाण्यातून चालला होतात का?" लेप्टोचा संशय इथे एका प्रश्नात येतो. म्हणून प्रवास, साचलेलं पाणी, शेतातलं काम, गुरं, कुत्री-मांजरं, नुकतीच झालेली दाताची किंवा इतर शस्त्रक्रिया हे सगळं न विचारतासुद्धा डॉक्टरांना सांगा. हे सांगायला खर्च काही नाही आणि कधीकधी महागड्या तपासणीची गरजच उरत नाही.

प्रत्येक वेळी असं घडतं का?

नाही. त्या मुलाची गोष्ट जगभर गेली. तपासणी करूनही काही हाती न लागलेल्या रुग्णांची गोष्ट कुठे छापून येत नाही.

२०१९ साली त्याच वैद्यकीय मासिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. मेंदूज्वर, मेंदूची सूज अशा आजारांचे २०४ रुग्ण होते. त्यांच्यात ५८ संसर्ग सापडले. त्यातले १३ फक्त सिक्वेन्सिंगमुळे कळले, बाकी कोणत्याही तपासणीने नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच ५८ पैकी २६ संसर्ग सिक्वेन्सिंगला सापडले नाहीत, ते इतर तपासण्यांनी कळले. काही वेळा मणक्यातल्या पाण्यात जंतूचा अंश फारच कमी होता, काही वेळा तो पाण्यात नसून दुसऱ्या अवयवात होता, तर काही आजार रक्तातल्या प्रतिपिंडांवरूनच ओळखता आले.

रक्तात तरंगणारे जंतूंच्या डीएनएचे तुकडे वाचणारीही तपासणी आहे. तिच्याविषयी २०२१ साली अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांचा अनुभव प्रसिद्ध झाला. ८२ तपासण्यांपैकी सहांमध्ये उपचारावर चांगला परिणाम झाला. तीन वेळा उलट नुकसान झालं, म्हणजे अनावश्यक उपचार किंवा जास्तीच्या तपासण्या झाल्या. ७१ वेळा रिपोर्ट आला, पण उपचारात काहीच फरक पडला नाही. सरसकट सगळ्यांची तपासणी केली तर असंच होणार. नेमका रुग्ण, नेमकं सॅम्पल आणि नेमका प्रश्न असेल तेव्हा ही तपासणी आपला खर्च वसूल करते, असं माझं मत आहे.

आता 'रॅपिड' या शब्दाविषयी. मशीनचा वेग खरोखर वाढला आहे. नॅनोपोर नावाच्या तंत्रात डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतात आणि विजेच्या प्रवाहातल्या बदलावरून अक्षरं ओळखतात. मशीन हातात मावेल एवढं असतं. २०१५ साली गिनीमध्ये इबोलाच्या साथीत ते सामानाच्या पेट्यांतून नेऊन वापरलं होतं. लंडनच्या गाय्ज अँड सेंट थॉमस रुग्णालयात आयसीयूतल्या न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुप्फुसातल्या स्रावाचा रिपोर्ट या तंत्राने त्याच दिवशी देऊन पाहिला गेला आहे. पण तिथे मशीन रुग्णालयाच्याच आवारात आहे. तुमचं सॅम्पल कुरियरने दुसऱ्या शहरात जाणार असेल, तिथे इतर सॅम्पल्सबरोबर थांबून मग मशीनवर चढणार असेल, तर काही तासांचं काम काही दिवसांवर जातं. त्यामुळे 'रॅपिड' शब्दावर न जाता रिपोर्ट कोणत्या तारखेला हातात येईल, ते विचारा.

रिपोर्टमध्ये दहा नावं आली तर?

हा रिपोर्ट अनेकदा व्हॉट्सॲपवर थेट नातेवाइकांकडे येतो. त्यात लांबलचक लॅटिन नावांची यादी असते आणि प्रत्येक नाव गूगलवर टाकलं की भीतीदायक काहीतरी निघतंच.

आपल्या त्वचेवर, तोंडात, आतड्यात असंख्य जिवाणू सुखाने राहतात. सुई त्वचेतून जाताना, बेडका तोंडातून येताना त्यांचा डीएनए सॅम्पलमध्ये मिसळतो. तपासणीसाठी वापरलेल्या रसायनांमध्येसुद्धा काही जिवाणूंचा डीएनए असतो. मंगल कार्यालयात पाहुण्यांबरोबर आचारी, वाढपी आणि मांडववालेही सापडावेत, तसं हे आहे. म्हणून 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' किंवा 'स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस' असं नाव दिसलं की लगेच घाबरू नका. हे त्वचेवरचे नेहमीचे रहिवासी आहेत. पण रुग्णाच्या शरीरात कृत्रिम झडप किंवा बदललेला सांधा असेल तर हीच नावं गंभीरपणे घ्यावी लागतात. नाव तेच, अर्थ वेगळा. म्हणून रिपोर्ट डॉक्टरांसोबतच वाचावा लागतो.

शिवाय हे तंत्र मेलेल्या जंतूचाही डीएनए वाचतं. उपचाराने जंतू मेल्यावरही काही काळ त्याचे अवशेष सापडत राहतात. "औषध चालू असून जंतू अजून येतोय" याचा अर्थ औषध फसलं असाच होत नाही.

आणि काहीच सापडलं नाही तर? तर संसर्ग नाहीच असं सिद्ध होत नाही. शक्यता कमी होते, ती किती कमी होते हे सॅम्पल कुठून घेतलं यावर ठरतं.

औषध कोणतं लागू पडेल, हे कळतं का?

अर्धवट. कल्चरमध्ये जिवंत जंतूसमोर औषध ठेवून तो मरतो का, हे प्रत्यक्ष बघतात. सिक्वेन्सिंगमध्ये जंतूकडे औषधाला दाद न देण्याची जनुकं आहेत का, एवढंच दिसतं. उदाहरणार्थ 'एनडीएम' हे जनुक सापडलं, तर मेरोपेनेमसारखं भारी औषधही चालणार नाही असा संशय घेता येतो. पण जनुक सापडलं नाही म्हणून औषध चालेलच, असं म्हणता येत नाही. जंतू औषधाला इतर वाटांनीही चकवतो. आणि सॅम्पलमध्ये चार जंतू असतील तर ते जनुक नेमकं कोणाचं, हेही पुष्कळदा कळत नाही. म्हणून सिक्वेन्सिंग पाठवलं तरी कल्चर बंद करायचं नसतं.

क्षयरोग हा मात्र वेगळा विषय आहे, आणि आपल्याकडे ही पद्धत सर्वांत जास्त लोकांच्या कामी तिथेच येईल असं मला वाटतं. क्षयाचा जंतू दुसऱ्या जंतूंकडून प्रतिकाराची जनुकं उसनी घेत नाही. त्याच्या स्वतःच्या जनुकांत ठरावीक ठिकाणी बदल होतात, आणि त्यातल्या बऱ्याच जागा आता माहीत आहेत. त्यामुळे मजकूर वाचून औषधाबद्दल बरंच खात्रीने सांगता येतं. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (हे ट्रूनॅट बनवणारी कंपनी गोव्यातली आहे) या तपासण्या क्षयाचा जंतू आणि त्याचा मुख्यतः रिफॅम्पिसिन औषधाला असलेला प्रतिकार काही तासांत सांगतात. त्यापुढे इतर औषधांचं काय, हे कल्चरवरून कळायला कित्येक आठवडे जातात. ठरावीक जनुकंच वाचणारं सिक्वेन्सिंग अनेक औषधांचं उत्तर एकदम आणि काही दिवसांत देऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी त्याची शिफारस केली आहे. घरात असा रुग्ण असेल तर ही सोय उपलब्ध आहे का, हे क्षयरोग केंद्रात विचारा.

होकार देण्याआधी

साध्या तापात, लघवीच्या नेहमीच्या संसर्गात किंवा कल्चरने आधीच जंतूचं नाव दिलेलं असताना या तपासणीची गरज नसते. मेंदूचा संसर्ग, झडपेचा संसर्ग, प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण (केमोथेरपी चालू असलेला, अवयव बदललेला) आणि नेहमीच्या तपासण्या करूनही निदान न झालेला गंभीर आजार, इथे ती खरोखर विचारात घेण्यासारखी आहे.

डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: कोणत्या जंतूचा किंवा कोणत्या आजाराचा संशय आहे? सॅम्पल कुठून घेणार? रक्ताऐवजी ज्या जागी आजार आहे तिथलं पाणी, पू किंवा तुकडा मिळू शकेल का? (शस्त्रक्रिया होणार असेल तर हा प्रश्न आधीच विचारा. तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवल्यावर त्यातला डीएनए खराब होतो, म्हणून थोडा भाग आधी वेगळा ठेवावा लागतो.) आणि सगळ्यात महत्त्वाचं: रिपोर्ट असा आला तर उपचारात काय बदलेल आणि तसा आला तर काय? दोन्हींचं उत्तर 'काही नाही' असेल, तर तपासणी थोडी पुढे ढकलायला हरकत नाही. लेखी दर घ्या आणि विमा कंपनी हा खर्च देते का, हे सॅम्पल पाठवण्याआधीच विचारून ठेवा. पैशांची ओढाताण असेल तर तेही सांगा. '१६ एस' किंवा एखादी नेमकी पीसीआर तपासणी कमी खर्चात भागवू शकते का, हे डॉक्टर बघू शकतात.

रिपोर्टची वाट बघत औषध थांबवू नका. रक्तात संसर्ग पसरून रक्तदाब खाली जात असेल तर कल्चरचं रक्त घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. त्या वेळी जंतूचं नाव कोणालाच माहीत नसतं आणि तरीही तेच योग्य असतं. नाव कळल्यावर औषध बदलतात किंवा कमी करतात.

रुग्णाला याआधी दुसऱ्या दवाखान्यात किंवा घरी कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं दिली होती, त्यांची नावं आणि तारखा कागदावर लिहून सॅम्पल घेण्याआधी डॉक्टरांकडे द्या. रिकामी पाकिटं असतील तर तीही आणा.